थोरल्या आत्याचा जर्दाळू

एकदा काय झालं... थांबा हं, आधी एक सांगून ठेवतो. ही गोष्ट मला पूर्वी पाठ होती. आता ती जशीच्या तशी आठवते आहे की मधली मधली मीच भरतो आहे, याची मला खात्री नाही. झाडं तीन होती की चार, मुलगी सात वर्षांची होती की नऊ, नक्की सांगता येत नाही. आपण तीन आणि सात धरून चालू. चुकलं तर चुकलं. पाय पांघरुणात घ्या आणि ऐका.

तर एकदा काय झालं, डोंगरांच्या पलीकडे एक गाव होतं. त्या गावाला राजा होता, पण तो फार लांब राहायचा आणि गावात कधी यायचा नाही. येईल कशाला? सहा महिने तिथे बर्फ. नदीवरून बैल चालत जायचे, इतका जाड बर्फ. घरं दगडांची, बुटकी, आणि प्रत्येक घरात एक चूल, जी कार्तिकात पेटायची ती चैत्र संपेपर्यंत विझू द्यायची नाही.

आणि त्या गावात एक रीत होती, बरं का. पहाटे, उजाडायच्या जरा आधी, कुणी कितीही हाका मारल्या तरी ओ द्यायची नाही. आई असो, बाप असो, अंथरुणात डोळे मिटून पडून राहायचं. सूर्य वर आला की मगच बोलायचं.

का? तर त्या वेळी गावातून थोरली आत्या जायची.

ती कोण होती, हे कुणी बोलून दाखवत नसे. तिचं खरं नाव घेतलं तर आपल्यालाच बोलावलं असं समजून ती आत येते, असं म्हणत. म्हणून सगळे तिला थोरली आत्या म्हणायचे. आत्या म्हटलं की नातं लागलं, आणि नात्यातलं माणूस जरा तरी सांभाळून घेईल, एवढीच त्यांची आशा. तिच्या पावलांचा आवाज येत नसे. पण ती ज्या दारावरून जाई, त्या घरातले पाण्याचे माठ टिचत. टिच्च, टिच्च, टिच्च, असा आवाज गल्लीच्या टोकापासून जवळ जवळ येई. मग दाराशी थांबून ती विचारी, "कोण जागं आहे?"

आता तुम्ही म्हणाल, कोजागिरीला लक्ष्मी हेच विचारते. खरं आहे. पण लक्ष्मी विचारते ती द्यायला. ही विचारायची ती न्यायला.

त्या गावात हौसा नावाची एक बाई राहायची. तिचा नवरा मेंढरं घेऊन घाटाखाली गेला तो तिकडचाच झाला. मागे राहिली हौसा, चार शेळ्या, आणि सात वर्षांची मुलगी. मुलीचं नाव सोनकी. सोनकी फार गुणी. हौसानं तिला शिकवलं होतं, की मोठ्या माणसानं हाक मारली की लगेच ओ द्यावी, ताटकळत ठेवू नये. आणि पहाटेची रीतही शिकवली होती. पण सात वर्षांच्या मुलीला दोन गोष्टी सांगितल्या की त्यातली एक राहते, एक जाते.

एका पहाटे सोनकीला जाग आली. बाहेर माठ टिचले. दाराशी म्हातारीचा आवाज आला, "कोण जागं आहे?" कुणी बोललं नाही. पुन्हा आवाज आला, "कोण जागं आहे?" सोनकीला वाटलं, बिचारी केव्हाची विचारते आहे, आणि सगळं गाव गप्प. तिसऱ्यांदा आवाज आला तेव्हा ती पटकन उठून बसली आणि म्हणाली, "ओ! मी आहे जागी!"

हौसानं झोपेतच हात लांब केला तिचं तोंड दाबायला. पण हात पोचला तेव्हा सोनकीचे ओठ गार पडले होते.

मेली नव्हती हं. उठत होती, चालत होती. पण अंग नदीतल्या दगडासारखं गार. बोलेना, हसेना. तिच्यापुढे गरम पेज ठेवली की तिच्या श्वासानं वर बर्फाची साय धरायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे तिला झोप येईना. रात्रंदिवस डोळे उघडे. हौसानं थोपटावं, गाणी म्हणावी, आणि त्या दोन डोळ्यांनी छपराकडे बघत राहावं.

शेजारी गोजराकाकू राहायची. तोंडाची फटकळ. ती आली, तिनं मुलीचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला.

"ऊब नेली गं आत्यानं. झोपही नेली," ती म्हणाली. "आता ही अशीच राहायची."

"मी आत्याला विचारते," हौसा म्हणाली.

"विचार! आणि तूही अशीच होऊन बस. मग तुम्हा दोघींना सकाळी उन्हात काढून ठेवायचं काम माझ्याकडे!"

पण हौसा ऐकणारी नव्हती. दुसऱ्या पहाटे ती दाराच्या आत उभी राहिली. माठ टिचले. आवाज आला, "कोण जागं आहे?"

"मी जागी आहे, आत्याबाई."

 मग आवाज आला, अगदी घरच्या म्हातारीसारखा मऊ. "तुझं काय नेऊ गं बाळे? तू तर कालपासूनच गार पडली आहेस."

"माझी मुलगी मला परत द्या."

"मी कुणाला मागत नाही. मी नुसती विचारते. जो ओ देतो त्याची ऊब माझ्यामागून येते. मी तरी काय करू?"

"तुम्ही म्हणाल ते देईन."

मग दाराच्या फटीतून थंड वारा आत आला आणि हौसाच्या पापण्यांवर हिम धरलं. आत्या अगदी जवळून बोलत होती. "मी जाते तिथलं फूल करपतं. एवढं वय झालं माझं, फळ म्हणून तोंडात पडलं नाही कधी. खालच्या मुलखात जर्दाळू पिकतो म्हणतात. उन्हाच्या रंगाचा. तो मला दे. पण तिकडून आणलेला नको. माझ्या वाटेवरचंच मला पचतं. या गावच्या मातीत पिकलेला एक जर्दाळू दे, आणि आपली पोर घे."

"देईन," हौसा म्हणाली.

"आणि ऐक. आज तुला सोडते. पुन्हा ओ दिलीस तर सोडता येणार नाही. ते माझ्या हातात नाही, बाळे."

मग काय झालं, शरदात खालून व्यापारी आले. तट्टांवर मीठ, कापड, गूळ, आणि एका पिशवीत सुके जर्दाळू. तुम्ही खाता ना, तेच. आत टणक बी असते, ती फोडली की बदामासारखा गर निघतो, तेच. हौसानं तीन जर्दाळू विकत घेतले आणि विचारलं, "याचं झाड थंडीत मरतं का हो?"

म्हातारा व्यापारी हसला. "मरत नाही बाई. झाड चिवट आहे. आमच्याकडे वरच्या खेड्यांतून बर्फात उभं असतं."

"मग आमच्याकडे का नाही?"

"ते मला काय माहीत? मी विकतो. पेरणारा वेगळा."

हौसाकडे तीन बिया झाल्या. त्यातली पहिली तिनं घराच्या दक्षिणेला, चुलीच्या भिंतीला लागून पेरली. तिथे दिवसभर ऊन, आणि पलीकडून चुलीची धग. गावात सगळे असंच करायचे. पाहुणा आला की त्याचं अंथरूण चुलीशी. करडू जन्मलं की चुलीशी. ज्याच्यावर माया, त्याला ऊब. दुसरी बी तिनं गोठ्याच्या कोपऱ्यात पेरली, आणि उजेडासाठी छपराला मोठं भोक पाडलं. तिसरी बी तिनं फडक्यात बांधून फळीवर ठेवली. पहिल्या दोन गेल्याच, तर हाताशी असावी म्हणून. पण पुढे बघते तर फडकं रिकामं. उंदरानं नेली असेल, असं ती समजली.

दोन्ही बिया थंडीत मातीखाली राहिल्या आणि वसंतात उगवल्या. रोपं वाढली. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. सोनकीच्या बरोबरीच्या मुली उंच झाल्या, त्यांच्या वेण्या लांब झाल्या. सोनकी तेवढीच राहिली. केस तेवढेच, नखं तेवढीच. पुढचा एक दात तेव्हा हलत होता, तो चार वर्षं तसाच हलत राहिला.

मग चौथ्या वर्षी काय झालं, माघात सात-आठ दिवस छान ऊन पडलं. चुलीच्या भिंतीजवळचं झाड अंगभर फुललं. बाकी सगळं गाव पांढरं, झाडांच्या नुसत्या काटक्या, आणि हे एकटं गुलाबी. गाव बघायला लोटलं. गोजराकाकू म्हणाली, "हौसे, मांडव घातलास, आता नवरदेव कुठाय?" हौसा चार वर्षांत पहिल्यांदा हसली.

दुसऱ्या दिवशी पहाटे माठ टिचले. आत्या भिंतीपाशी थांबली आणि तिनं विचारलं, "कोण जागं आहे?"

हौसा अंथरुणात गप्प पडून होती. आणि तिनं भिंतीपलीकडून आवाज ऐकला. बारीक बारीक आवाज, शेकडो, एकामागून एक. "मी." "मी." "मी." "मी."

प्रत्येक फुलानं ओ दिली होती.

सकाळी हौसा धावत बाहेर गेली. झाड तसंच गुलाबी दिसत होतं. पाकळ्या तशाच. तिला वाटलं, स्वप्न पडलं असेल. मग तिनं एक फूल तोडून उघडलं. मध्ये, जिथून फळ धरतं, तिथे काळा ठिपका होता. तिनं दुसरं उघडलं. काळा. तिसरं उघडलं. काळा. बाहेरून सगळं झाड हसत होतं आणि आतून एकूण एक फूल मेलेलं होतं.

तिला वाटलं, ऊब कमी पडली. चूक कळायला माणसाला वेळ लागतो, बरं का. मलाही लागला असता. पुढच्या हिवाळ्यात तिनं गोठ्यातलं झाड धरलं. त्याला गोधड्या गुंडाळल्या. बुंध्याशी शेणीची शेगडी ठेवली. चारी शेळ्या त्याच्याभोवती बांधल्या. छपराच्या भोकावर रात्री घोंगडी, दिवसा ऊन. स्वतः कुडकुडली, पण झाडाला गारवा लागू दिला नाही. गोजराकाकू म्हणाली, "अगं, त्याला काजळ-तीट लावायची राहिली."

ते झाड संक्रांतीलाच जागं झालं. खोडातून रस वर चढला. सालीला हात लावला की आत काहीतरी वाहतंय असं वाटे. मग एका पहाटे गोठ्याच्या दाराशी प्रश्न आला, आणि आतून एकच आवाज गेला. जाड, संथ, लाकडी. "ओ."

त्यापाठोपाठ काहीतरी फाटल्याचा आवाज झाला. शेळ्या ओरडल्या. सकाळी हौसानं पाहिलं तर खोड वरपासून खालपर्यंत उभं चिरलं होतं, आणि चिरेत रस गोठून बसला होता. फुलं नाही, पानं नाही. अख्खं झाडच गेलं.

हौसा त्या चिरेसमोर बसली. "तीनही बिया गेल्या," ती म्हणाली. "माझी सोनकी गेली."

गोजराकाकू तिच्याजवळ बसली. त्या दिवशी तिनं टोमणा मारला नाही. नुसती म्हणाली, "ऊठ. पोर कुठाय बघ. सकाळपासून दिसली नाही."

हौसा उठली. बर्फात सोनकीची पावलं उमटली होती. ती पावलं घराला वळसा घालून उत्तरेला, मागच्या बाजूला गेली होती. आणि एकदा नाही, रोजची, शेकडो वेळा गेल्यासारखी वाट पडली होती.

घराच्या मागे कुणी जात नसे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथे ऊन येत नाही. दगडांचा मोठा ढीग, त्याच्यावर बर्फ. थोरली आत्या जाता-येता तिथे टेकते, असं म्हणायचे. हौसा कधी तिकडे फिरकली नव्हती. ती कोपऱ्यावरून वळली आणि जागीच उभी राहिली.

दगडांच्या ढिगाआड एक झाड होतं. उंच नाही, पण दांडगं. काळी साल, आखूड जाड फांद्या, आणि फांद्यांवर घट्ट मिटलेल्या बारीक कळ्या. उंदरानं बी नेली नव्हती. सोनकीनं नेली होती, आणि जिथे तिला स्वतःला बसावंसं वाटायचं तिथे पेरली होती.

सोनकी झाडाशी गुडघे टेकून बसली होती. उघड्या हातांनी बर्फ ओढत होती आणि झाडाच्या मुळांवर घालत होती.

"अगं, काय करतेस! मारशील त्याला!" हौसा धावली. तिनं दोन्ही हातांनी बर्फ बाजूला सारला. अंगावरची शाल काढून खोडाला गुंडाळली.

सोनकीनं शाल सोडली. ती उचलून आईच्या खांद्यावर ठेवली. आणि पुन्हा बर्फ ओढायला लागली.

हौसानं पुन्हा शाल गुंडाळली. सोनकीनं पुन्हा सोडली.

हौसानं तिसऱ्यांदा शाल उचलली, आणि तिचं लक्ष सोनकीच्या हाताकडे गेलं. सोनकी बर्फ नुसता घालत नव्हती. घालून झाला की त्याच्यावर हळू, तालात, हात मारत होती. ती थोपटत होती. जसं हौसा तिला पाच वर्षं रोज रात्री थोपटायची, अगदी तसं. तिला स्वतःला झोप नव्हती. म्हणून ती झाडाला देत होती.

मग हौसाला उमगलं. झाडाला थंडी वाजत नव्हती. झाडाला झोप हवी होती. आपण दोन्ही वेळा माया करून करून त्याला जागं केलं, आणि आत्यानं विचारलं तेव्हा ते जागं सापडलं.

शाल तिथेच टाकून ती बर्फ ओढायला बसली.

त्या दिवसापासून मायलेकी एकाच कामाला लागल्या. अंगणातला बर्फ घमेल्यांनी मागे नेला आणि मुळांवर कमरेइतका रचला. तो वितळू नये म्हणून वर गवत पसरलं. चुना कालवून खोडाला फासला, म्हणजे चुकून ऊन आलंच तर ते परतून जाईल. गोजराकाकू कुंपणावरून बघून म्हणाली, "आधी गोधड्या, आता बर्फ. हौसे, उद्या तू शेळीला अंडी उबवायला बसवशील."

फाल्गुन आला. भिंतीजवळचं झाड फुललं आणि मागच्या वर्षीसारखंच आतून काळं पडलं. मागचं झाड निजलेलंच. चैत्र आला. अंगणात चिखल झाला, ओढे वाहू लागले. मागे मात्र गवताखाली बर्फ तसाच, आणि झाड निजलेलं.

चैत्राच्या शेवटी एके दिवशी फार ऊन पडलं आणि रचलेल्या बर्फाची एक बाजू ढासळली. मुळं उघडी पडली. उद्याचं ऊन लागलं तर झाड जागं होणार. म्हणून हौसा उजाडायच्या आधीच घमेलं घेऊन ओढ्याच्या कपारीतला बर्फ आणायला निघाली. सोनकी तिच्याबरोबर होतीच, तिला कुठे झोप होती! दोघी बर्फ ओतत होत्या, एवढ्यात गावाच्या टोकाला माठ टिचला.

पळायला वेळ नव्हता. हौसा झाडाशी खाली बसली. टिच्च, टिच्च, टिच्च. मग अगदी जवळ शांतता.

"कोण जागं आहे?"

हौसा गप्प. झाड गप्प.

दुसऱ्यांदा आवाज आला, तो गोजराकाकूचा. हुबेहूब. "हौसे, अगं जागी आहेस का? गोठा पेटलाय तुझा! शेळ्या जळताहेत!"

हौसाचं अंग उठायला निघालं. तिनं बर्फात दोन्ही हात रुतवले. जळका वास येत नव्हता. ती गप्प राहिली.

 आणि तिसऱ्यांदा आवाज आला.

"आई?"

पाच वर्षांत तो आवाज तिनं ऐकला नव्हता.

"आई, जागी आहेस ना गं? मला फार थंडी वाजते. ओ दे ना. आई?"

हौसानं शेजारी पाहिलं. सोनकी तिथेच बसली होती, डोळे उघडे, ओठ मिटलेले. ओठ हालत नव्हते. आणि आवाज येतच होता, झाडाच्या पलीकडून, अंधारातून. "आई, तूच तर शिकवलंस ना, हाक मारली की ओ द्यावी म्हणून?"

हौसानं पदराचा बोळा केला आणि दातांत धरला. डोळ्यांतलं पाणी गालांवरच गोठलं. एका हातानं तिनं सोनकीचा गार हात धरला आणि दुसऱ्या हातानं ती झाडाचं मूळ थोपटत राहिली. थोपटत राहिली. थोपटत राहिली. आणि झाडाच्या आतून, फार खोलातून, मंद घोरल्यासारखा आवाज येत होता. त्यानं काही ऐकलंच नव्हतं.

अंधारात कुणीतरी उसासा टाकला. मग डोंगराच्या बाजूला, वरच्या वाटेवरच्या शेवटच्या घरात, एक माठ टिचला. त्या वर्षी थोरली आत्या पुन्हा खाली आली नाही.

वैशाख सरता सरता मागचं झाड जागं झालं. सावकाश, आळस देत. फुलं आली, आणि हौसानं भीत भीत एक फूल उघडलं. मध्ये हिरवा, जिवंत, मोहरीएवढा दाणा होता. नऊ फळं धरली. चार वाऱ्यानं पडली, दोन पाखरांनी नेली. तीन पिकली, उन्हाच्या रंगाची. एक गोजराकाकूनं चाखायला म्हणून अख्खं खाल्लं आणि म्हणाली, "बरं आहे. जरा आंबट आहे." एक हौसानं सोनकीच्या हातावर ठेवलं, तर ते तिच्या तळव्यावरच गोठून दगड झालं. राहिलं एक.

आणि मग हौसाच्या लक्षात आलं. आत्या यायची थंडीबरोबर, थेट कार्तिकात. आणि जर्दाळू तर चार दिवसांत नासतो! ती फळ हातात धरून रडायला लागली.

"अगं खुळे," गोजराकाकू म्हणाली, "ते व्यापारी काय ताजे आणतात? वाळव की!"

हौसानं ते फळ छपरावर फडक्यात वाळत घातलं. पाखरं येऊ नयेत म्हणून दिवसभर खाली बसून राखलं. ऊन उतरलं की आत घेतलं, चढलं की बाहेर काढलं. फळ आटलं, सुरकुतलं, नारिंगीचं तपकिरी झालं. तिच्या मनात रोज एकच धास्ती. आत्यानं पिकलेलं मागितलं होतं. हे चालेल का? हे फळ म्हणायचं का?

कार्तिकात पहिला माठ टिचला. हौसानं तो सुका जर्दाळू उंबऱ्याबाहेर ठेवला आणि दार लावून आत बसली. सोनकीला मांडीवर घेतलं.

"कोण जागं आहे?"

हौसा बोलली नाही.

बाहेर काहीतरी खाली वाकल्याचा आवाज झाला. म्हातारी माणसं वाकताना कण्हतात, तसा. मग चघळल्याचा आवाज. किती तरी वेळ. दात नसलेल्या तोंडानं, सावकाश. हौसा दाराच्या फटीकडे बघत होती. फटीतून वारा येत होता, पण हिम येत नव्हतं.

मग दगडी उंबऱ्यावर काहीतरी टणकन पडलं. बी.

"गोड आहे गं बाळे," बाहेरून आवाज आला. त्यापुढे काही नाही. त्या पहाटे गावात दुसरा माठ टिचला नाही.

हौसानं मांडीवर पाहिलं. सोनकीनं तोंड उघडलं. हौसाला वाटलं, आता ही बोलेल. पण सोनकी बोलली नाही. तिनं मोठी जांभई दिली. तिचे डोळे जडावले, एकदा मिटले, उघडले, पुन्हा मिटले. तिचं डोकं आईच्या कुशीत कललं. आणि तिच्या अंगाला हळूहळू ऊब यायला लागली, आधी पायांच्या बोटांना, मग पोटाला, मग गालांना.

सोनकी तीन दिवस आणि तीन रात्री झोपली. हौसानं कुणाला दार वाजवू दिलं नाही. चौथ्या दिवशी सोनकी उठली आणि म्हणाली, "आई, भूक लागली." गोजराकाकू रडत होती आणि रडता रडता म्हणत होती, "उठली का महाराणी?"

मग सोनकी वाढली, तिच्या वेण्या लांब झाल्या, आणि हौसा, सोनकी, गोजराकाकू आणि चार शेळ्या आनंदानं राहिल्या. गावात पुष्कळ जर्दाळू लागले, सगळे घरांच्या मागे, सावलीत. आत्या अजून येते. अजून विचारते. पण तिच्यासाठी दर कार्तिकात प्रत्येक उंबऱ्यावर एक जर्दाळू ठेवलेला असतो, आणि सकाळी तिथे नुसती बी असते. आणि सगळं गाव, मुलं, माणसं, झाडं, गाढ झोपलेलं असतं. तुम्हीही झोपा. डोळे मिटा. ओ देऊ नका.

बाकी गोष्टीचं मला काही सांगता येणार नाही. एवढ्याची मात्र मी कित्येक वर्षांनी स्वतः पाहून खात्री करून घेतली. वरच्या थंड डोंगरांत एक म्हातारा बागवान आपल्या जर्दाळूच्या मुळांवर फावड्यानं बर्फ ओढत होता आणि वर गवत पसरत होता. मी त्याला विचारलं, हे कशासाठी? तो म्हणाला, "याला लवकर जाग येऊ नये म्हणून."